आई निअँडरथल, वडील डेनिसोव्हन: अल्ताईच्या गुहेतली मुलगी आणि आपल्या अंगातला डीएनए

कुकडीकाठ

रशियात अल्ताई पर्वतात डेनिसोव्हा नावाची गुहा आहे. २०१२ साली तिथल्या उत्खननात हाडाची एक ढलपी मिळाली, जेमतेम अडीच सेंटीमीटरची. या गुहेत तरसांचा राबता होता. त्यामुळे चावून-चघळून टाकलेल्या हाडांचा तिथे खच आहे आणि कुठला तुकडा कोणाचा हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. असे दोन हजारांहून जास्त तुकडे समंथा ब्राउन या विद्यार्थिनीने एकेक करून तपासायला घेतले. प्रत्येकाचा कणभर भाग घ्यायचा, त्यातलं कोलॅजन हे प्रथिन वेगळं काढायचं आणि त्याची घडण पाहायची. मॅमथ, घोडा, लोकरी गेंडा, माणूस, प्रत्येकाचं कोलॅजन थोडं निराळं असतं. प्राण्यांमागून प्राणी निघत गेले आणि मग या एका ढलपीत माणसाच्या कुळाची खूण सापडली.

ती ढलपी जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत गेली. तिथे विवियान स्लोन, स्वान्ते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातला डीएनए वाचला. ऑगस्ट २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापून आले. हाड एका मुलीचं. मेली तेव्हा वय निदान तेरा. काळ सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीचा. आई निअँडरथल, वडील डेनिसोव्हन. संशोधक तिला आता 'डेनी' म्हणतात.

डेनिसोव्हन म्हणजे कोण, हेही थोडं सांगतो, कारण निअँडरथल ही माणसाची नामशेष झालेली शाखा बहुतेकांना ऐकून माहीत असते, डेनिसोव्हन नसतात. याच गुहेत २००८ साली करंगळीच्या हाडाचा एक बारीक तुकडा मिळाला होता. २०१० साली त्याचा डीएनए वाचला, तर तो ना आपल्याशी जुळला ना निअँडरथलांशी. कवटी नाही, सांगाडा नाही, हत्यारं नक्की कोणाची हे माहीत नाही, आणि तरी माणसाची एक अख्खी शाखा फक्त डीएनएवरून ओळखू आली. असं पहिल्यांदाच घडलं. निअँडरथल आणि डेनिसोव्हन एकमेकांपासून चार लाख वर्षांपूर्वीच्याही आधी वेगळे झाले होते. इतक्या फारकतीनंतर दोन शाखांची माणसं अल्ताईत भेटली आणि त्यांना मूल झालं.

पेबोंना २०२२ चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे बरेच लेख आले, पण डेनीबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळालं. मला तिचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं, त्याचं कारण असं. अशा जुन्या माणसांचे मोजकेच जीनोम, म्हणजे अख्खे डीएनए, तोवर वाचले गेले होते. त्या मोजक्यांत थेट पहिल्या पिढीचं संकरित मूल हाती लागावं, हे जर मीलन अगदी क्वचित होत असतं तर जवळजवळ अशक्य. म्हणजे या शाखांची गाठ पडली की मुलंबाळं होत होती. गाठ मात्र क्वचित पडत असणार, कारण एक जास्त करून पश्चिमेला नांदत होती आणि दुसरी पूर्वेला. म्हणून दोन्ही वेगळ्या राहिल्या.

आपल्या पूर्वजांच्या बाबतीतही तेच. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या माणसांची निअँडरथलांशी गाठ पडली आणि आज आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात साधारण १ ते २ टक्के निअँडरथल डीएनए आहे. हा धागा वाचणाऱ्या बहुतेक सगळ्यांतही. पापुआ न्यू गिनीच्या लोकांत त्याच्या जोडीला ३ ते ५ टक्के डेनिसोव्हन अंशही आहे. फिलिपिन्समधल्या आयता मागबुकोन लोकांत तो त्याहूनही जास्त असल्याचं २०२१ मध्ये दिसून आलं.

मी या विषयातला तज्ज्ञ नाही, बरीच वर्षं वाचतो आहे. जाणकारांनी भर घालावी.

मृण्मयी_के

फार सुंदर लिहिलंय. एक शंका. आई शुद्ध निअँडरथल आणि वडील शुद्ध डेनिसोव्हन, हे इतक्या खात्रीने कसं म्हणता येतं? समजा त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मिसळ झालेली असेल आणि आईवडील दोघंही अर्धेअर्धे असतील, तरी मुलीत निम्मं-निम्मंच येईल ना?

कुकडीकाठ

मृण्मयीताई, हा प्रश्न त्या गटानेही स्वतःला विचारला होता. आधी त्यांना नमुन्यांत काही गफलत झाली असंच वाटलं, म्हणून त्याच हाडातून वेगवेगळे नमुने घेऊन पुन्हा तपासलं.

उत्तर जोड्यांमध्ये आहे. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. निअँडरथल आणि डेनिसोव्हन जिथे एकमेकांपासून वेगळे पडतात, त्या जागा डेनीच्या जीनोममध्ये तपासल्या. ३८.६ टक्के तुकडे निअँडरथलांशी जुळले, ४२.३ टक्के डेनिसोव्हनांशी. नुसत्या या आकड्यांवर तुमची शंका फिटत नाही, बरोबर. पण आईवडील स्वतःच मिश्र असते तर काही पट्ट्यांत दोन्ही प्रती निअँडरथल निघाल्या असत्या, काही पट्ट्यांत दोन्ही डेनिसोव्हन, आणि असे पट्टे जीनोमभर विखुरलेले दिसले असते. डेनीत तसं नाही. गुणसूत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास सगळीकडे एक प्रत याची, एक त्याची. हे फक्त पहिल्या पिढीतच होतं.

आई कोण ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक घटकातल्या डीएनएवरून ठरलं. तो फक्त आईकडून येतो आणि डेनीचा निअँडरथल आहे.

आता खरी गंमत. 'जवळपास सगळीकडे' म्हटलं, कारण निदान पाच पट्टे असे सापडले जिथे दोन्ही प्रती निअँडरथल आहेत. म्हणजे वडिलांच्याही वंशात फार मागे, शेकडो पिढ्यांपूर्वी, कुणीतरी निअँडरथल होतं. तेव्हा 'शुद्ध डेनिसोव्हन' हा तुमचा शब्द वडिलांना लागू पडत नाही. आईचंही ऐका. त्याच गुहेत आधीच्या काळातल्या एका निअँडरथल बाईचा जीनोम मिळाला आहे. डेनीच्या आईचं नातं तिच्यापेक्षा हजारो किलोमीटर दूर क्रोएशियातल्या विंदिया गुहेच्या निअँडरथलांशी जास्त जवळचं आहे. म्हणजे निअँडरथल टोळ्याही युरोप ते सायबेरिया अशा सरकत होत्या.

मृण्मयी_के

पटलं! जोड्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

देवराई

मी कॉलेजात होतो तेव्हा, नव्वदीच्या अखेरीस, आम्हाला स्पष्ट शिकवलं होतं की निअँडरथल आपले कोणी नव्हेत, मिसळ झालीच नाही. मग ते शास्त्रज्ञ चुकले होते का? की आता फॅशन बदलली?

स्फटिक

देवराई, फॅशन नाही. मी जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते (प्राचीन डीएनए नाही, आजारांशी संबंधित), म्हणून थोडं लिहिते.

१९८७ साली कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी जगभरच्या माणसांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तुलना करून सगळ्यांची आईकडची परंपरा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत नेली. १९९७ साली पेबोंच्याच गटाने निअँडर खोऱ्यातल्या, १८५६ साली सापडलेल्या मूळ हाडातून मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढला, आणि तो आजच्या कुणाशीच जुळला नाही. त्या पुराव्यावर 'मिसळ नाही' हाच निष्कर्ष निघत होता. तुम्हाला शिकवलं ते तेव्हाच्या पुराव्याला धरूनच होतं.

पण मायटोकॉन्ड्रिया ही एकच रेघ असते: आई, तिची आई, तिची आई. एखाद्या बाईला फक्त मुलगे झाले की ती रेघ तिथेच संपते, तिचा बाकीचा डीएनए मात्र पुढे चालू राहतो. मे २०१० मध्ये विंदियाच्या हाडांवरून पेशीकेंद्रातल्या डीएनएचा आराखडा आला आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांचं निअँडरथलांशी साम्य आफ्रिकेतल्या माणसांपेक्षा जास्त निघालं. तिथे चित्र फिरलं. आजही कुठल्याही जिवंत माणसात निअँडरथल मायटोकॉन्ड्रिया सापडलेला नाही.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. दोन लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास आपल्या शाखेचा डीएनएही निअँडरथलांत गेला. उशिराच्या निअँडरथलांचं वाय गुणसूत्र (बापाकडून मुलग्याला मिळणारं) डेनिसोव्हनांपेक्षा आपल्या जवळचं आहे, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. थोडा निअँडरथल अंश आफ्रिकेतल्या लोकांतही आहे, कारण युरेशियातून माणसं परतही गेली.

आनंदी_गोखलेवाडी

वाचतेय. स्फटिक, कोविडच्या वेळी 'भारतीयांना निअँडरथल जनुकामुळे जास्त धोका' असं वॉट्सॅपवर फार फिरलं होतं. माझ्या घरात दुसऱ्या लाटेत दोन माणसं गेली. तेव्हापासून ते डोक्यात राहिलंय. त्यात तथ्य होतं का?

स्फटिक

आनंदीताई, घरातल्यांबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

मूळ संशोधन खरं आहे. ह्युगो झेबर्ग आणि पेबो यांनी सप्टेंबर २०२० मध्ये ते छापलं. तिसऱ्या गुणसूत्रावर सुमारे ५०,००० अक्षरांचा एक सलग पट्टा आहे. तो निअँडरथलांकडून आलेला आहे आणि तो असणाऱ्यांना कोविड गंभीर होण्याची शक्यता जास्त दिसली. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत या पट्ट्याची निदान एक प्रत असते, युरोपात १६ टक्क्यांच्या आसपास, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच.

फिरवलेल्या संदेशांनी पुढचा भाग गाळला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले के. थंगराज आणि बनारस हिंदू विद्यापीठातले ज्ञानेश्वर चौबे यांच्या गटाने २०२१ मध्ये दक्षिण आशियातल्या लोकसमूहांत या पट्ट्याचं प्रमाण आणि कोविडची लागण व मृत्युदर यांची सांगड घालून पाहिली. संबंध दिसला नाही. दुसरं म्हणजे, बाराव्या गुणसूत्रावरचा एक निअँडरथल पट्टा कोविडपासून संरक्षण देतो, तोही आपल्याकडे आहे. आणि तिसऱ्या गुणसूत्रावरच्या त्याच 'धोकादायक' पट्ट्यामुळे एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता २७ टक्क्यांनी कमी होते, असं झेबर्ग यांनीच २०२२ मध्ये दाखवलं. वय, मधुमेह, ऑक्सिजन आणि खाट वेळेवर मिळणं या गोष्टींचं वजन फार जास्त होतं. तुमच्या माणसांचं जाणं एका जनुकावर टाकू नका, ही मनापासून विनंती.

आनंदी_गोखलेवाडी

मनावरचं ओझं थोडं उतरलं. खरंच आभार.

शिलालेख

धागा उत्तम चालला आहे. भारतातल्या पुराव्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना होशंगाबादजवळ हथनोरा इथे नर्मदेच्या गाळात कवटीचा वरचा भाग मिळाला. तो कुठल्या शाखेचा यावर अजून एकमत नाही. कोणी होमो इरेक्टस (माणसाची एक फार जुनी शाखा) म्हणतात, कोणी त्याहून पुढची अवस्था. धागाकर्त्यांचं नाव 'कुकडीकाठ' आहे म्हणून आठवलं: जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत दगडी हत्यारं मिळाली आहेत. ही राख सुमात्रातल्या टोबाच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की कितीतरी जुनी, यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वाच्या मंडळींनी बरीच वर्षं वाद घातला. हत्यारं करणारे हात कोणाचे होते हे हत्यारावरून कळत नाही. प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना १९५४ पासून मिळालेल्या हत्यारांबद्दलही हाच प्रश्न उभा राहतो.

कुकडीकाठ

शिलालेख काका, माझं गाव त्याच पट्ट्यातलं, नाव तिथूनच घेतलं. लहानपणी त्या राखेची भांडी घासायची पावडर करतात हे पाहिलं होतं. ती राख कशाची हे फार नंतर कळलं.

हाडं नसली तरी आपल्या अंगातला डीएनए हाही पुरावाच आहे. २०२५ मध्ये 'सेल'मध्ये प्रिया मूरजानी यांच्या गटाचा मोठा अभ्यास आला. भारतातल्या २,७०० हून जास्त लोकांचे पूर्ण जीनोम त्यात वाचले आहेत. प्रत्येकात निअँडरथल अंश १-२ टक्केच, पण प्रत्येकात तुकडे वेगवेगळे. या सगळ्यांचे तुकडे शेजारीशेजारी मांडले तर निअँडरथल जीनोमचा जवळपास निम्मा भाग फक्त भारतीयांतून उभा राहतो! निअँडरथल तुकड्यांची इतकी विविधता दुसऱ्या कुठल्याही प्रदेशात दिसलेली नाही. वेरुळच्या लेण्यासारखं एकाच जागी सगळं कोरलेलं नाही, कोट्यवधी देहांत ते विखुरलं आहे.

खंडोबाचा_भक्त

मग कुठल्या समाजात निअँडरथल जास्त, कुठल्यात कमी, याची यादी आहे का कुठे? आणि आर्य बाहेरून आले हे यातून सिद्ध होतं की नाही? सरळ उत्तर द्या.

कुकडीकाठ

सरळच देतो.

यादीला अर्थ नाही. फरक इतका किरकोळ आहे की त्यावरून कुणाला वर किंवा खाली बसवणं हा डीएनएचा अपमान आहे. निअँडरथलांची मिसळ ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली, असं २०२४ च्या अखेरीस आलेल्या संशोधनात दिसतं. तेव्हा ना जात होती, ना गाव, ना शेती. आपल्या सगळ्यांचे ते सामाईक पूर्वज आहेत.

दुसरा प्रश्न फार अलीकडच्या काळाचा. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे, नीरज राय आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हरियाणातल्या राखीगढीच्या, सिंधू संस्कृतीच्या काळातल्या सांगाड्यांवरचं काम छापलं. ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकाच बाईचा डीएनए उपयोगी पडला. तिच्यात इराणी पठाराशी दूरचं नातं असलेल्या लोकांचा आणि इथल्या मूळ शिकारी लोकांचा अंश होता. ज्यांचा संबंध आर्यांशी जोडतात त्या युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा नव्हता. आज तो अंश भारतातल्या बहुतेक समाजांत कमीअधिक आहे, म्हणजे ती माणसं नंतर आली. त्यानंतर हे सगळे धागे आपापसांत मिसळले. २०१३ च्या अभ्यासानुसार ही मिसळ ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात सर्रास चालू होती, अगदी दुर्गम समजल्या जाणाऱ्या जमातींतही. मग जातीबाहेर लग्न करणं थांबत गेलं. 'आमचं रक्त वेगळं' असं कुणी म्हणालं तर त्याला हे आकडे दाखवावेत. रक्त वेगळं ठेवायची सवय जुनी नाही, आणि त्याची किंमत आपण आनुवंशिक आजारांत मोजतो आहोत.

स्फटिक

शेवटच्या वाक्याला +१. आजारांचं आमच्या कामात रोज दिसतं.

मृण्मयी_के

पुन्हा मीच. एक अवघड प्रश्न विचारते. डेनीच्या आईवडिलांची भेट कशी झाली असेल? प्रेमाने की बळजबरीने? लेखांमध्ये 'मीलन' असं गोड लिहिलेलं असतं.

कुकडीकाठ

ताई, डीएनएत संमती नोंदलेली नसते, त्यामुळे मी 'मीलन' हा शब्द वापरला तोही तपासूनच घ्यायला हवा. टोळ्यांमधल्या रीतीचा थोडा माग मात्र लागतो.

डेनिसोव्हापासून सुमारे शंभर किलोमीटरवर चागिर्स्काया गुहा आहे. तिथल्या आणि जवळच्या ओक्लाद्निकोव्ह गुहेतल्या मिळून तेरा निअँडरथलांचे जीनोम २०२२ मध्ये वाचले गेले. त्यांत बाप आणि त्याची वयात येत असलेली मुलगी आहे! पन्नास हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे बापलेक, एकाच गुहेत. या लोकांत वडिलांकडची वंशरेषा, म्हणजे वाय गुणसूत्र, फार एकसारखं निघालं आणि आईकडची रेषा बरीच वेगवेगळी. हिशेब असा लागतो की निम्म्याहून जास्त बायका दुसऱ्या टोळीतून आलेल्या असाव्यात. पुरुष जिथल्या तिथे, मुलगी सासरी. टोळी दहा-वीस जणांची. एवढ्या लहान टोळीत बाहेरचं माणूस येणं ही गरजच होती. डेनिसोव्हाच्या त्या आधीच्या निअँडरथल बाईचे आईवडील एकमेकांचे अगदी जवळचे नातलग होते, सावत्र भावंडांइतके. अशा वस्तीत परकी टोळी दिसली तर काय काय घडलं असेल, त्यात सगळंच असू शकतं. डेनी तेरा वर्षांची होईपर्यंत कुणीतरी तिला खाऊ घातलं, वाढवलं. बर्फाळ प्रदेशात एकट्या पोराला ते जमत नाही. मी या एका गोष्टीला फार महत्त्व देतो.

देवराई

हे फार आवडलं. बरं, डेनिसोव्हन दिसायचे कसे, हे कळलं का शेवटी?

शिलालेख

कळायला लागलं आहे. चीनमध्ये हरबिनला १९३३ साली पुलाच्या कामावर एका मजुराला मोठी कवटी मिळाली. जपानी अंमलात ती हातून जाऊ नये म्हणून त्याने विहिरीत लपवली आणि मरण्याआधी घरच्यांना सांगितलं. २०१८ मध्ये ती संशोधकांच्या हाती आली. जून २०२५ मध्ये चियाओमेई फू यांच्या गटाने तिच्या दातावरच्या कीटणातून डीएनए काढला आणि ती डेनिसोव्हन निघाली. वय निदान १,४६,००० वर्षं. भुवयांचा कंगोरा जाडजूड, चेहरा रुंद, मेंदूची पोकळी आपल्याएवढी.

तिबेटच्या पठारावर ३,२८० मीटर उंचीवरच्या गुहेतला एक जबडाही डेनिसोव्हन आहे. तो १९८० साली एका भिक्खूला मिळाला होता. तिबेटी लोकांना विरळ हवेत राहायला मदत करणारं जनुकाचं रूप डेनिसोव्हनांकडून आलं, हे २०१४ मध्येच दाखवलं गेलं होतं.

देवराई

दातावरच्या कीटणातून! मग आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातल्या हाडांतून, नर्मदेच्या कवटीतून का नाही काढत?

स्फटिक

उष्णता आणि ओल. डीएनएची साखळी उन्हाळ्या-पावसाळ्यात तुटत जाते. राखीगढीची ६१ पैकी एक ही गत फक्त साडेचार हजार वर्षांत झाली. नर्मदेची कवटी तर लाखांच्या घरातली. कीटणावर हरबिनला जमलं ते तिथल्या थंडीमुळेही.

आशा थंड जागांवर आहे. उत्तराखंडात पाच हजार मीटरवरच्या रूपकुंड तळ्यातल्या ३८ माणसांचा डीएनए २०१९ मध्ये वाचला गेला. म्हणजे हिमालयात डीएनए चांगला टिकतो. ती हाडं फार जुनी नाहीत, दीड हजार वर्षांच्या आतलीच. पण आता हाडाचीही गरज उरलेली नाही. गुहेतल्या मातीत मिसळलेला डीएनए २०१७ पासून काढता येतो, आणि तिबेटच्या त्या गुहेत मातीतूनच डेनिसोव्हन डीएनए मिळाला. लडाख, स्पितीतल्या गुहांमधली माती कुणी अशी चाळली, तर भारतातला पहिला डेनिसोव्हन तिथे निघू शकतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते, की पीएचडीला हा विषय घ्या.